दुरडीत उरेल ते

५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी उपाशीपोटी वजन ७५.४. हा आकडा एकदा लिहायचा आणि मग मागे वळून बघायचं नाही, असं जावेदभाईंनी सांगितलंय.

गिरणीची मोटर दिवाळीच्या शेवटच्या दळणाला जळाली. मंचरला भरायला टाकली आहे, आठवडा जाईल. गिरणीचं दार ओढून घरात बसायची मला सवय नाही. कदाचित म्हणूनच आजच सुरुवात केली.

मागच्या जानेवारीत पॉवरलिफ्टिंगच्या राज्य स्पर्धेत मी मास्टर्सच्या, म्हणजे चाळिशीपुढच्या, ७६ किलो गटात चौथी आले. खालच्या, ६९ किलोच्या गटात तिसरी आलेली बाई माझ्यापेक्षा साडेसात किलो कमी उचलून पदक घेऊन गेली. वर्षभर ते डोक्यातून गेलेलं नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी बाईनं पदकासाठी झुरावं का, हे मी कोणाला विचारत नाही. सात वर्षांपूर्वी जावेदभाई आमच्या शिनोलीत त्यांच्या मेहुण्याकडे आले होते. मी पन्नास किलोचं पोतं खांद्यावर घेऊन गिरणीच्या पायऱ्या चढताना त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "ताई, हे तुमी फुकट करताय." तेव्हापासून मंचरला त्यांच्या जिममध्ये जाते. आमच्या घरात माझं एकटीचं असं तेवढंच आहे.

आता ६९ मध्ये उतरायचं. पुढची स्पर्धा १८ जानेवारीला, सांगलीला. तोपर्यंत दिवसाला पंधराशे कॅलरी, त्यापुढे घासभरही नाही. आज मंचरहून येताना स्वयंपाकघरात ठेवायचा छोटा काटा घेतला.

सासूबाईंनी तो हातात धरून उलटसुलट केला. "हे काय, सोनाराचं दुकान टाकतीस का काय?"

"आत्या, पीठ मोजायला आणलाय."

"पीठ?" त्या म्हणाल्या, आणि काटा हळूच खाली ठेवला.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

फोनमध्ये आपली भाकरी सापडत नाही. सापडते ती कुठल्या तरी हॉटेलातली पातळ रोटी. शेवटी मीच हिशोब बसवला. ऐंशी ग्रॅम बाजरीच्या पिठाची एक भाकरी, साधारण दोनशे नव्वद कॅलरी. ह्यांना तीन, आत्यांना दोन, मला एक. तेवढंच पीठ परातीत घ्यायचं. आधी मी अंदाजानं घ्यायचे आणि दोन-तीन भाकरी उरायच्याच. समोर शिल्लक दिसली की माझा हात जातो. आता दुरडी रिकामी होते, जीवाला बरं वाटतं.

भाजीचंही तसंच. मोजून तेल, मोजून भाजी. पातेलं धुतल्यासारखं.

आत्या सगळ्यांच्या शेवटी जेवतात. लग्न होऊन आले तेव्हापासून बघते आहे. सगळ्यांची ताटं उचलली की चुलीपाशी बसायचं, दुरडीत उरेल ते घ्यायचं, पातेल्यात भाकरी फिरवायची. बरोबर बसा म्हणून मी पहिली काही वर्षं सांगितलं. "माझं व्हतंय गं," एवढंच उत्तर. पुढे मीही सांगणं सोडलं. सकाळी सातला गिरणीत गर्दी, संध्याकाळी मंचर. त्यांचं जेवण मी वर्षानुवर्षं बघितलेलं नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

७४.१. मोटर आली. पट्टा चढवला, जातं फिरलं, आणि गिरणीसमोर डब्यांची रांग लागली.

पीठ उडतं तेव्हा त्याचा गरम वास येतो. वीस वर्षं हा वास घेते आहे, आजपर्यंत त्यानं तोंडाला पाणी सुटलं नव्हतं. आज सुटलं.

शेजारच्या झुंबरबाई डबा ठेवता ठेवता म्हणाल्या, "गिरणीवाली आन् भाकरी मोजून खाती. हलवायाच्या घरी एकादशी म्हणायची ही." सगळ्या बाया हसल्या. मीही हसले.

"मावशी, स्पर्धा आहे."

"व्हय, ऐकलंय म्या. पण म्हंजे घरात सगळ्यांचंच मोजतीस व्हय गं?"

"एकीचं मोजायचं तर सगळ्यांचं मोजावं लागतं," मी म्हणाले. खरंच आहे ते.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

७३.२. हे आज भाजी घेऊन वाशीला जाणार होते, म्हणून पीठ तीनच भाकऱ्यांचं घेतलं. टेम्पोचं टायर मंचरच्या पुढे फुटलं आणि हे दुपारीच परत आले, तेही उपाशी. मी गिरणीत होते. घरी आले तर हे जेवून झोपलेले. म्हटलं, आता पुन्हा तवा ठेवावा लागणार. पण आत्या म्हणाल्या, "झालंय समद्यांचं. पुरलं."

इतका हिशोब बसलाय की एक माणूस वाढलं तरी पुरतं. जावेदभाईंना सांगितलं तर म्हणाले, "बघा, म्हणजे आधी किती वाया जात व्हतं."

१ डिसेंबर, रविवार

७२.३. भाकरीनं भूक भागते, पण स्नायू टिकत नाहीत. अंडी घरात चालत नाहीत, आत्यांच्या गळ्यात माळ आहे. जिममध्ये दोन खाते तेवढीच. जावेदभाईंच्या शमाभाभी उकडून देतात, वर मीठ-मिरी. बाकीसाठी म्हशीचं संध्याकाळचं दूध नासवून पनीर करायला लागले. साय काढून. दूध आधी आत्यांच्या भाकरीत जायचं. त्यांना विचारलं, चालेल का.

"मला कशाला लागतंय दूध. तू उचलतीस, तू खा."

किती समजूतदार आहेत. दुसऱ्या घरात सुनेनं वजनं उचलायची म्हटलं असतं तर काय झालं असतं.

पुण्याहून आरतीचा व्हिडिओ कॉल आला होता. हॉस्टेलची तक्रार करून झाल्यावर म्हणाली, "आई, आजी केवढीशी दिसतेय गं." मी म्हटलं, फोनमध्ये तोंड तसंच दिसतं. मग माझाच चेहरा तिला जवळून दाखवला. गालफडं बसलेली बघून म्हणाली, "आई, मस्त." मला तेवढा वेळ फार आनंद झाला.

९ डिसेंबर, सोमवार

चार दिवस ७१.९ वर अडलंय. चिडचिड होते. दळणात गव्हावर बाजरी पडली म्हणून एका बाईला उगाच बोलले.

संध्याकाळी जिमहून आले तेव्हा घरात कोणी नव्हतं. आत्या देवळात भजनाला, हे गाडीवर. दुरडीवर फडकं होतं, खाली एक भाकरी. मी उभ्याउभ्या अर्धी मोडून खाल्ली. चटणीसुद्धा घेतली नाही. मग उरलेली अर्धीही खाल्ली.

दोनशे नव्वद लिहिले. चोरी लपवायची नाही, हा माझा नियम आहे.

आत्या आल्यावर फडकं उचललं आणि परत नीट झाकून ठेवलं. मी विचारलं, "तुमचं जेवण राहिलंय का?" म्हणाल्या, "देवळात परसाद झाला." मी सुटले. उद्या एक भाकरी कमी करून भरपाई करायची असं ठरवलं.

१७ डिसेंबर, मंगळवार

७१.०. पण डेडलिफ्ट १३० वरून ११७.५ वर आला. बार जमिनीवरून सुटतो आणि गुडघ्यापाशी माझं सगळं संपतं. आतून कोणी दोरा कापल्यासारखं. जावेदभाईंनी बारच्या चकत्या उतरवल्या.

"ताई, वजन उतरतं तेव्हा ताकद पण जाते. कुठून ना कुठून जातेच ना. फक्त चरबी जाईल असं कुठं लिहिलंय?"

"मग काय करू?"

"थोडं खा."

"आणि ६९?"

ते हसले. "भूक पोटाला नाय लागत, डोक्याला लागते. आता तुमच्या डोक्याला दुसरंच काय तरी लागलंय."

परतीच्या रस्त्यावर घोडेगावपाशी गाडी थांबवून थोडी रडले. मला स्वतःलाच कळत नाही मी हे कशासाठी करते. पण थांबले तर मग मी फक्त दळणच दळायचं, असं वाटतं. तेवढीच भीती आहे, दुसरी नाही.

आज आत्यांच्या हातातली पाटली भांडी घासताना निसटून मोरीत गेली. मीच शोधून दिली. म्हणाल्या, "म्हातारपणी हाडं बी आकसत्यात." त्यांचे गुडघेही आता कमी दुखतात, चढउतार करायचंच त्यांनी सोडलंय. दिवसभर उन्हाला बसून असतात. बाजरीचं हलकं जेवण त्यांनाही मानवलेलं दिसतंय.

२८ डिसेंबर, शनिवार

७०.२!

झुंबरबाई दळणाला आल्या. गर्दी ओसरेपर्यंत थांबून राहिल्या आणि मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "वृषाली, घरी काय अडचण असली तर सांग गं. पायलीभर बाजरी आमची जड न्हाई व्हायची. परत द्यायचं बी नाव काढू नको."

मला हसू आलं. एवढी का मी वाळलेली दिसते? म्हटलं, "मावशी, मी मुद्दाम वाळतेय." त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि डबा उचलून गेल्या. चांगल्या आहेत, पण खेड्यात बाईनं अंग उतरवलं की लोकांना घरात दुष्काळच दिसतो.

६ जानेवारी, सोमवार

मंचरला दवाखान्यात बसून लिहिते आहे.

सकाळी आत्या न्हाणीपाशी पडल्या. मी गिरणी बंद करून धावले. शुद्ध होती, पण डोळे लागत होते. हे गाडीवर होते. मी खाली वाकले, एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली, आणि सवयीनं श्वास पोटात धरून उचललं.

जास्त जोर लावला मी. त्या एकदम छातीपर्यंत वर आल्या आणि मी मागे झोकांडले.

वजन माझ्या हाताला कळतं. बारला कोणी अडीच किलोची चकती कमी लावली तरी मी न बघता सांगते. दळणाचा डबा उचलला की पायली किती ते सांगते. आत्यांना उचललं तेव्हा हातांनी सांगितलं, पस्तीस. माझ्या डोक्यानं ऐकलं नाही. त्या अठ्ठेचाळीस किलोच्या होत्या, पावसाळ्याआधी आरोग्य शिबिरात मीच त्यांना काट्यावर उभं केलं होतं. नऊवारीच्या गुंडाळ्यात मला काही दिसलं नव्हतं.

इथे काट्यानं चौतीस दाखवलं.

डॉक्टर मुलगी तरुण आहे, आरतीहून थोडीच मोठी. तिनं विचारलं, "काय खातात या?"

मी फोन उघडला. दोन भाकरी सकाळी, दोन संध्याकाळी, भाजी, आमटी. सगळं नोंदलेलं होतं, ग्रॅमसकट. तिला वाचून दाखवलं.

तिनं ऐकून घेतलं. आत्यांच्या दंडाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली.

"हे घरात शिजतं," ती म्हणाली. "मी विचारलं, या काय खातात."

७ जानेवारी, मंगळवार

झुंबरबाई भेटायला आल्या. बाहेरच्या बाकावर मला सगळं सांगितलं. रागावून नाही, समजावून सांगावं तसं.

गिरणी बंद पडली त्याच आठवड्यात घरात काटा आला. आत्यांनी दोन्ही एकत्र धरलं, की घर अडचणीत आलंय; गिरणी सुरू झाली तरी मोजणं थांबलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात त्या नव्या सूनबाई होत्या. त्यांची सासू ज्या दिवशी पीठ मुठीनं मोजून द्यायला लागली, त्या दिवशी सुनांनी ओळखलं होतं. विचारायचं नसतं. विचारलं की घरधनिणीची लाज जाते. आपापला घास गुमान कमी करायचा. पन्नास वर्षांनी माझी लाज राखायला त्यांनी तेच केलं.

"मी म्हटलं त्यांना, अवो सून कसल्या तरी स्पर्धेला जातीय," झुंबरबाई म्हणाल्या. "तर म्हणल्या, ती तसं सांगती लोकांना. पोरगी लई मानी हाये. कुनाम्होरं बोलू नगा."

संध्याकाळी हे आले. आईच्या पायाशी उभे राहिले. मग म्हणाले, "मी जेवायला बसलो की ती चौथी, कधी पाचवी भाकरी टाकायची. मला वाटलं तू जास्त करतीस. मी खायचो."

तीन ह्यांना, दोन आत्यांना, एक मला. हिशोबात मी एकदाही चुकले नव्हते. आत्यांना फक्त उरेल ते मिळत होतं, आणि काही उरू नये हीच माझी सगळी खटपट होती.

९ जानेवारी, गुरुवार

नाकातून नळी घातली होती, ती त्यांनी काल ओढून काढली. हात बांधायला मी नको म्हटलं. डॉक्टर म्हणाल्या, मग तोंडानं द्या, पण एकदम नको. इतक्या उपासावर एकदम अन्न गेलं तर हृदयाला झेपत नाही. चमच्यानं, मोजून, आणि दर वेळी लिहून. मी मान हलवली. मोजता मला येतं.

पण त्या तोंड उघडत नाहीत. पेज पुढे केली की लेकाचं विचारतात, "भरत जेवला?"

"जेवले."

"तू?"

"नंतर जेवते मी. तुम्ही घ्या आधी."

तोंड बंद. डोळे बंद.

मी विचारलं, "आत्या, मागितलं का नाही हो कधी?"

"कुनाला मागायचं?" त्या म्हणाल्या. "दुरडीत न्हवतं. असतं तर घेतलं असतं की."

एक गोष्ट लिहायची लाज वाटते, पण लिहिते. दुपारी आत्यांना तपासायला नेलं होतं तेव्हा खोलीतला काटा मोकळा होता. मी चप्पल काढून उभी राहिले. ६९.३. मला आनंद झाला. दोन दिवस पाणी कमी केलं तरी होऊन जाईल, असा विचार आला. आला म्हणजे आलाच, मी तो आणला नाही. पण हाकललाही नाही लगेच.

१३ जानेवारी, सोमवार

आज भोगी. रक्तातले क्षार घसरलेत, छातीत कफ झालाय. डॉक्टर म्हणाल्या, दोन-तीन दिवस काढले तर बघू. तीन दिवसांत मिळून चार चमचे पेज पोटात गेली आहे.

सकाळी घरी जाऊन पीठ घेतलं. काटा फडताळात तसाच होता, मी पिठाच्या डब्यात हात घातला आणि येईल तेवढं परातीत टाकलं. किती ते खरंच माहीत नाही. तीळ लावून भाकरी केल्या, पावटा-वांगं-गाजर-बोरं घालून भोगीची भाजी केली, लोण्याचा गोळा घेतला. न खाई भोगी तो सदा रोगी, हे आत्याच दर वर्षी म्हणतात.

निघताना जावेदभाईंचा फोन. "ताई, कितीवर आलं?"

"भाई, मी नाही येत."

त्यांनी विचारलं, "आत्याबाई कशा आहेत?" मी सांगितलं. म्हणाले, "पुढच्या साली." मग स्वतःच म्हणाले, "नाय, ते राहू द्या. तुमी जा त्यांच्यापाशी."

आत्यांच्या खाटेपाशी स्टूल ओढलं, डबा उघडला. तिळाचा वास आल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"आत्या, मी जेवते. तुम्ही बघा. माझं झालं की तुम्ही घ्यायचं."

त्या बघत राहिल्या. मी भाकरी मोडली, लोणी लावलं, भाजीचा घास घेतला. ठरवलं होतं की अर्धी भाकरी खायची, बाकीची डब्यात ठेवायची आणि म्हणायचं, मला आता नको, उरलंय. उरलेलं चमचाभर पेजेत कुस्करून दिलं तर त्या नाकारायच्या नाहीत.

पहिला घास तोंडात गेला आणि पुढचं मला नीट सांगता येत नाही. दहा आठवडे मी पोटभर जेवले नव्हते. बाजरी इतकी गोड लागली की कानात काहीतरी वाजायला लागलं. लोणी बोटांवरून मनगटावर आलं, तेही चाटलं. समोर कोण आहे, आपण कुठे बसलोय, कशासाठी खातोय, काही काही उरलं नाही. दुसरी भाकरी कधी घेतली कळलं नाही. डबा तिरका करून भाजीचा रस्सा पिऊन टाकला तेव्हा भानावर आले.

डब्यात काही नव्हतं.

आत्या माझ्याकडे बघत होत्या. चेहरा निवांत होता, सगळ्यांची ताटं उचलून झाल्यावर असतो तसा. "भरलं पोट?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या. मी पेजेचा चमचा ओठाला लावून कितीतरी वेळ बसले. ओठ हलले नाहीत.

सिस्टर फाईल घेऊन आली. रिकामा डबा बघून खूश झाली. "अरे वा, किती खाल्लं?"

"सगळं," मी म्हणाले.

तिनं लिहिलंसुद्धा. मग मी म्हणाले, "त्यांनी नाही. मी."

तिनं माझ्याकडे बघितलं, लिहिलेलं खोडलं आणि शेजारी शून्य काढलं.

हे आता बाहेर बाकावर झोपलेत. रात्रीची सिस्टर बदलायच्या आत घरी जाऊन येते. पुन्हा भाकरी करून आणते, जास्तीच्या. पुन्हा त्यांच्यासमोर जेवायला बसायचं आहे, आणि या वेळी अर्ध्यावर थांबायचं आहे. एवढं मला जमलं पाहिजे.